एक डंपर माती

हेर्लेकरसरांच्या शोकसभेत जो उठेल तो त्यांना द्रष्टे म्हणत होता. प्राचार्य म्हणाले, द्रष्टे होते. विभागप्रमुख म्हणाले, काळाच्या पुढे होते. संस्थेच्या एका विश्वस्तांनी सरांना आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, आणि तेव्हाही शिपाई समजून पाणी मागितलं होतं. ते म्हणाले, ‘मातीशी नाळ जोडलेला माणूस!’ मी मागच्या रांगेत बसून ऐकत होते. म्हटलं, धन्य आहे बाबांनो तुमची. ह्याच मंडळींनी सरांची प्रयोगशाळा उचलून जिन्याखाली नेली होती, कारण त्या जागी त्यांना ‘इनोव्हेशन सेंटर’ काढायचं होतं. त्या सेंटरला आज कुलूप आहे.

गेलेल्या माणसाबद्दल गोड बोलावं अशी आपली रीत. मला ती धड जमत नाही. हेर्लेकरसर द्रष्टे वगैरे मुळीच नव्हते. हेकट होते, संथ होते, चारचौघांत न्यायच्या लायकीचे नव्हते, आणि मला फार आवडायचे. द्रष्टा माणूस म्हणे लांबचं बघतो. हे गृहस्थ आयुष्यभर पायाखाली बघत राहिले.

वाघोलीच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही दोघं स्थापत्य विभागात. ते माती शिकवायचे आणि मी काँक्रीट. म्हणजे खाली काय आहे ते नीट बघा, असं त्यांनी सांगायचं आणि आता ते झाकून टाका, असं मी. तरी आमची टेबलं शेजारीशेजारी होती आणि भांडण कधी झालं नाही. ते कोथरूडहून दोन बस बदलून यायचे, रोज उशीर व्हायचा, आणि रोज कुणीतरी विचारायचं, ‘काय सर, ट्रॅफिक?’ त्यावर ते शांतपणे म्हणायचे, ‘नाही, मी. ट्रॅफिक वेळेवर होता.’

त्यांना वेड एकाच गोष्टीचं. कारखान्याच्या सांडपाण्याने नासलेली माती विजेने साफ करायची. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर पहिला भाव यायचा तो ह्या माणसाला डॉक्टरकडे न्यावं असाच. मग सर समजावून सांगायचे, आणि समजावताना मात्र ते छान दिसायचे. आपली काळी चिकणमाती, ते म्हणायचे, फार कंजूष. एकदा आत घेतलेलं सोडत नाही. वरून कितीही पाणी ओता, पाणी वरच तळं करून बसतं, आत शिरत नाही. पण तीच माती ओली करा, दोन बाजूंना दोन कांड्या रोवा, एकीला धन आणि दुसरीला ऋण टोक जोडा, आणि हलका, अगदी हलका प्रवाह सोडा. मग आतलं निकेल मुकाट्याने ऋण कांडीकडे चालू लागतं. क्रोमियम बरोबर उलट्या दिशेला, धन कांडीकडे. ‘ते पुणेकर आहे,’ सर म्हणायचे. ‘सगळे जिकडे जातात तिकडे जाणं त्याला कमीपणाचं वाटतं.’

हे सगळं ते एका काचेच्या पेटीत करून दाखवायचे. माशांच्या टाकीएवढी पेटी, त्यात काळी माती, दोन टोकांना कांड्या, वायरी, एक बारीक गुणगुणणारं यंत्र. मुलं त्या पेटीला आयसीयू म्हणायची आणि सरांना शॉकसर. येताजाता ‘सर, पेशंट कसा आहे?’ असं विचारायची. सर पेटीकडे बघून गंभीरपणे सांगायचे, ‘स्थिर आहे. नातेवाइकांनी गर्दी करू नये.’

पेशंट स्थिरच असायचा, कारण ह्या कामाला वेळ लागतो. प्रवाह वाढवला तर काम लवकर होत नाही, बिघडतं. एका वर्षी शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रोजेक्ट सादर करायची घाई झाली. सर जेवायला गेले होते. मुलांनी बटण फिरवून व्होल्टेज भरमसाट वाढवलं, आणि आम्ही परत येतो तो पेटीतून वाफा. माती आतून शिजली, सुकली, तिला ही एवढाल्या भेगा पडल्या आणि प्रवाहच बंद झाला. मुलं चेहरे पाडून उभी. मला वाटलं, आता सर ओरडणार. त्यांनी पेटीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, ‘शिट्ट्या किती झाल्या?’ मग स्वतःच पेटी रिकामी केली आणि नवी माती भरायला बसले. मुलांना त्या प्रोजेक्टला चांगले गुण मिळाले. त्यांनी अहवालात भेगांचे रंगीत फोटो लावले होते.

ऋण कांडीपाशी निकेल पोचता पोचता मध्येच घट्ट होऊन अडकतं. ते अडकू नये म्हणून तिथे थोडं आंबट घालावं लागतं. सर त्यासाठी लिंबूसत्त्व वापरायचे आणि ते कोथरूडच्या आपल्या वाण्याकडून किलोच्या हिशेबाने आणायचे. वाण्याने मनाशी ठरवून टाकलं होतं की सरांचा पाणीपुरीचा जोडधंदा आहे. ‘सर, सीझन जोरात दिसतोय,’ तो म्हणायचा. सरांनी कधीही त्याचा गैरसमज दूर केला नाही. वहिनी चिडायच्या. हेर्लेकरवहिनी बँकेतून निवृत्त झालेल्या, व्यवहाराला चोख. त्या म्हणायच्या, ‘अहो, लोक मला विचारतात, गाडी कुठे लावता म्हणून!’ सर म्हणाले, ‘मग सांग ना, वाघोलीला. घरून लांब असलेलं बरं.’

आणि त्यांचा तो एक प्रश्न होता, ज्याने त्यांनी अख्ख्या कॉलेजला वात आणला होता. ‘गेलं कुठे?’ शिपाई म्हणाला, सर, लॅब साफ केली, की हे विचारणार, ‘कचरा गेला कुठे?’ प्राचार्य म्हणाले, तक्रारीचा निकाल लावला, की हे, ‘तक्रार गेली कुठे?’ एकदा स्टाफ मीटिंगमध्ये कुणी नदी स्वच्छ झाल्याची बातमी वाचून दाखवली आणि टाळ्या वाजवल्या. सर म्हणाले, ‘वा! घाण गेली कुठे? सोलापूरकडे?’ टाळ्या थांबल्या. त्यांचं म्हणणं असं, की ह्या जगात घाण जात नाही, सरकते. माझ्या अंगणातून तुझ्या अंगणात, आणि मधल्या वेळात सत्कार होतो. त्यांच्या पलंगाखाली संपलेल्या बॅटऱ्यांचं एक खोकं होतं. त्या टाकल्या तर जातील कुठे, हे त्यांना खात्रीने सांगणारा माणूस शेवटपर्यंत भेटला नाही. वहिनी त्या खोक्याला ‘सवत’ म्हणायच्या.

कॉलेजच्या मराठी मंडळाने एकदा कवीला बोलावलं होतं. कवी तरुण होता, डोळे मिटून म्हणत होता. मातीचा गंध, मातीत मिसळणं, ओंजळीत माती घेऊन कपाळाला लावणं, झालंच तर मातीचा घास. प्रश्नोत्तरांत सर उठले. मी त्यांचा शर्ट ओढला, उपयोग झाला नाही. ‘कवितेतली माती कुठली?’ त्यांनी विचारलं. कवी हसून म्हणाला, ‘सर, माती म्हणजे माती. आपली.’ सर म्हणाले, ‘आपली म्हणजे भोसरीच्या कारखान्यांकडची असेल तर घास घेऊ नका. वासही लांबूनच घ्या.’ कवीला वाटलं, ही टीका आहे. ती काळजी होती, पण पुण्यात दोन्हीचा आवाज एकच असतो.

अशी ही वल्ली. आता मुद्द्याचं सांगते. ह्या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. पुरस्कार नको, बढती नको. ती तशीही मिळाली नाही, कारण त्यांचे निबंध कायम ‘अजून थोडं बघू’ ह्या अवस्थेत असायचे. त्यांना काचेच्या पेटीबाहेर, खऱ्या जमिनीच्या एका तुकड्यावर, एकदा हे करायचं होतं. नासलेली जमीन खरोखर स्वच्छ झालेली बघायची होती. निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात ते एवढंच बोलले, ‘मी इतकी वर्षं माशांच्या टाकीत पोहलो. समुद्र राहिला.’ लोकांना तो विनोद वाटला. ते खाली बसले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले मी पाहिले आहेत.

समुद्र मिळाला तो हडपसरला, तोही प्लॉटभर. आबा म्हणून तिथले एक जुने शेतकरी, म्हणजे पूर्वीचे. आता त्यांच्या शेतात टॉवर उगवले होते. शेताच्या एका तुकड्यावर त्यांनी मधली बरीच वर्षं एका प्लेटिंगवाल्याला शेड भाड्याने दिली होती. नळांना आणि सायकलच्या हँडलांना निकेल-क्रोमची चकाकी चढवायचा धंदा. चकाकी गिऱ्हाइकांकडे गेली आणि उरलेलं पिवळं पाणी जमिनीत. पुढे धंदा बसला, प्लेटिंगवाला सामान टाकून नाहीसा झाला, आणि बिल्डरने नेमका तोच तुकडा सोसायटीच्या मुलांच्या खेळायच्या जागेसाठी नकाशात हिरवा रंगवला. हिरवा रंगवला की झालं!

माती तपासली तेव्हा बिल्डरचा प्रोजेक्ट हेड रोहन हबकला. सगळी माती उपसून टाकायची तर खर्च अफाट, म्हणून कुणीतरी त्याला शॉकसरांचं नाव सांगितलं. रोहन आमचाच विद्यार्थी. हो, शिट्ट्यावाल्या बॅचचा.

मी सरांबरोबर पहिल्यांदा ती जागा बघायला गेले. आबा धोतर सावरत आमच्यापुढे चालत होते. ‘सर, हितं आमच्या म्हातारीचा वांग्याचा वाफा व्हता,’ ते म्हणाले. ‘आता गवत बी येत न्हाई. मीच भाड्याच्या लोभानं दिली जागा, दुसऱ्याला कशाला बोल लावू? पण ह्या बिल्डिंगीत आमचीच नातवंडं ऱ्हायाला येणार हाईत. ती हितंच खेळणार.’ सर वाकले, ढेकूळ हातात घेतलं, हातमोजा घालूनच, आणि त्याच्याकडे असं बघत बसले, की मला आपलं दुसरीकडे तोंड वळवावं लागलं. नवरीकडे पाहावं तसं कुणी निकेलकडे पाहू नये!

शेडच्या कोपऱ्यात प्लेटिंगवाल्याचा जुना रेक्टिफायर धूळ खात पडला होता. घरातली वीज प्लेटिंगला चालत नाही, ती एकाच दिशेने वाहणारी करावी लागते, ते काम करणारी ही पेटी. सरांना अगदी तशीच वीज हवी होती. आबा म्हणाले, ‘ह्याच मशिननं घाण केली न्हवं?’ सर म्हणाले, ‘हो ना. मग उपसायला दुसरा कुणी कशाला?’ त्यांनी तो दुरुस्त केला, प्लॉटच्या दोन बाजूंना दोन लांब चर खणून घेतले, त्यात कांड्या रोवल्या आणि एका सकाळी खटका दाबला. काहीच झालं नाही. म्हणजे दिसण्यासारखं काही झालं नाही. रोहन मोबाइलवर व्हिडिओ काढायला उभा होता, तो म्हणाला, ‘सर, चालू झालं का?’ सर म्हणाले, ‘झालं. आता दिवाळीनंतर या.’

पुढचे कितीतरी महिने सरांनी कोथरूड ते हडपसर अशी बसची वारेमाप सेवा करून घेतली. सकाळी जायचे, माती ओली आहे का बघायचे, लिंबूसत्त्व ओतायचे, छत्री उघडून स्टुलावर बसायचे. साइटवरचे मजूर त्या बाजूला फिरकत नसत, जमिनीत करंट आहे म्हणून. एकाने तर कांडीला लिंबू-मिरची बांधली. मी म्हटलं, काढा हो सर ते, विज्ञानाची शोभा होतेय. ते म्हणाले, ‘राहू दे सबनीसबाई. मिरचीचं माहीत नाही, पण लिंबू योग्य बाजूला बांधलंय.’

रोहन मात्र अधूनमधून येऊन घायकुतीला यायचा. ‘सर, बेसिकली आपण व्होल्टेज थोडं वाढवू शकतो का? पझेशनची डेट आहे.’ सर त्याच्याकडे नुसते बघायचे. रोहनला पेटी आठवायची आणि तो परत जायचा. एकंदरीत शिक्षण वाया जात नाही.

आणि झालं की हो! मधल्या मातीचे नमुने तपासून आले, मधली माती स्वच्छ. सरांनी मला फोन केला. आधी बराच वेळ वहिनींच्या गुडघ्याबद्दल बोलले, मग म्हणाले, ‘बाई, मध्ये काही उरलं नाही. सगळं दोन्ही कडांना येऊन बसलंय. आता तेवढे चर भोवतालच्या मातीसकट उपसले की संपलं. एक डंपर. सगळ्या प्लॉटची घाण एका डंपरात!’ मी इकडे स्वयंपाकघरात एकटीच नाचले.

सरांनी रोहनला चर उपसायला सांगितलं. रोहन ‘हो सर, नक्की सर’ म्हणाला आणि गेला. त्याच्या कानाने ‘मध्ये काही उरलं नाही’ एवढंच टिपलं होतं. त्याने लगेच लोकार्पण सोहळा ठरवला. बागेचं लोकार्पण, आणि सरांचा सत्कार, शाल, श्रीफळ. पाहुणे म्हणून प्रभागाचे माजी आणि भावी नगरसेवक.

आम्ही वहिनींसह रिक्षाने गेलो. सरांनी त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घातला होता, हे मुद्दाम नोंदवते, कारण पुन्हा तो योग आला नाही. फाटकापाशी फुगे, आत मंडप, स्पीकरवर कानठळ्या. सोसायटीची मुलं रांगेत उभी, फीत कापली की आत सुटायच्या बेतात. सर आत शिरले आणि थबकले. जिथे त्यांची धन बाजू होती, क्रोमियम येऊन बसलेला तो चर, तिथे वाळूचा हौद होता. निळ्या-पिवळ्या कडा, आत पांढरी वाळू, बादल्या, फावडी, एक प्लॅस्टिकचं कासव. ऋण बाजूच्या चरात घसरगुंडीचे पाय गाडले होते.

‘हे इथे कुणी केलं?’ सरांनी विचारलं.

रोहन अभिमानाने म्हणाला, ‘सर, खड्डा आयताच होता ना! खणायचा खर्च वाचला. व्हॅल्यू इंजिनिअरिंग.’

हा शब्द त्याला आमच्याच विभागात शिकवलेला. मला भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, पण त्या भूमीत काय काय आहे ते माहीत होतं.

सरांनी मंडपातली एक प्लॅस्टिकची खुर्ची उचलली, हौदात नेऊन मधोमध ठेवली आणि तिच्यावर बसले. वाळूत खुर्चीचे पाय रुतले, ते जरा तिरके झाले, पण बसले. मला म्हणाले, ‘सबनीसबाई, तुम्ही घसरगुंडी धरा.’ मी आजवर पुष्कळ समारंभांत पुष्कळ मूर्खपणा केला आहे, पण रेशमी साडी नेसून घसरगुंडीच्या तोंडाशी पहारा देणं हा पहिलाच प्रसंग. वहिनी माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘तरी मी म्हणत होते, इस्त्रीचा कशाला घालताय.’

निवेदिका गोड गळ्याने सांगत होती, ‘सत्कारमूर्तींना विनंती आहे की त्यांनी व्यासपीठावर यावं.’ सत्कारमूर्ती वाळूत. तिने पुन्हा विनंती केली. भावी नगरसेवक घड्याळ बघू लागले. त्यांना पुढे आणखी एक लोकार्पण होतं. शेवटी फोटोग्राफर म्हणाला, साहेब, आपणच तिकडे जाऊ, अँगल छान आहे. मग व्यासपीठच हौदाकडे आलं. साहेबांनी काठावरून वाकून शाल पांघरली, नारळ दिला, फोटो निघाला आणि कुणीतरी प्रथेप्रमाणे सरांच्या हाती माइक दिला. ‘दोन शब्द बोला सर.’

‘मधली माती स्वच्छ आहे,’ सर म्हणाले. ‘ती आम्ही केली, त्याबद्दल शाल ठीक आहे. पण आधी प्लॉटभर पसरलेलं विष आता मी बसलोय त्या जागी आणि त्या बाई उभ्या आहेत तिथे गोळा झालंय. आधी थोडं थोडं होतं, आता इथे एकवटलंय. मुलं वाळू खणणार, खणता खणता खाली पोचणार, आणि तीच बोटं तोंडात घालणार. हे उपसून नेल्याशिवाय मी उठणार नाही. नारळ परत न्या हवा तर.’

टाळी कुणी वाजवली नाही. एका आईने मुलाचा दंड धरून त्याला मागे ओढलं. रोहन हळू आवाजात म्हणू लागला, ‘सर, आपण ऑफलाइन बोलू. वर वाळू आहे, खाली प्लॅस्टिक शीट टाकू, इश्यू क्लोज होईल.’ साहेबांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला, ‘सर, वयोमानाप्रमाणे...’ असं काहीतरी सुरू केलं. त्या हाताकडे सरांनी ज्या नजरेने पाहिलं, तिने तो हात आपोआप निघाला. पण खरं सांगते, त्या क्षणी मला भीती वाटली. सगळे मिळून ह्या म्हाताऱ्याला खुर्चीसकट उचलून बाजूला ठेवतील आणि मुलांना आत सोडतील, असं वाटलं. ते फार अवघड नव्हतं. सर किती बारीक झालेत हे मला तेव्हाच पहिल्यांदा दिसलं.

मग आबा उठले. पहिल्या रांगेत फेटा बांधून बसले होते. आपली खुर्ची उचलून हौदापर्यंत आले आणि सरांच्या शेजारी मांडून बसले. ‘सर म्हंत्यात ते व्हईल,’ ते रोहनला म्हणाले. ‘मागच्या दोन इमारतींच्या जागंच्या कागदावर आजून माझी सही ऱ्हायलीय. इसरला का?’

रोहनला व्हॅल्यू इंजिनिअरिंग तत्क्षणी कळलं. फाटकाला कुलूप लागलं, मुलांना आइस्क्रीम देऊन घरी पाठवलं. निवेदिकेने ‘कार्यक्रम संपन्न झाला’ असं जाहीर केलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या निवेदिकेचं म्हणणं मला पटलं.

हौद फोडला गेला, घसरगुंडी निघाली, दोन्ही चर भोवतालच्या मातीसकट खरवडून काढले. सगळं मिळून एक डंपर भरला. सर म्हणाले होते तेवढाच. हे माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. त्या माणसाचं अख्खं आयुष्य बरोबर निघालं होतं आणि बाजूला दोन मजूर तंबाखू मळत उभे होते.

असली माती टाकायची सरकारमान्य जागा नगर रस्त्याने पार पुढे आहे. आणि वाटेत आमची वाघोली. वाघोलीत जुन्या, सोडून दिलेल्या दगडखाणी आहेत. शहरातून राडारोडा घेऊन निघालेल्या डंपरांना पुढचा रस्ता फार लांब वाटतो आणि डावीकडची खाण फार जवळ वाटते. मी तिथेच राहते, त्यामुळे हे ज्ञान मला फुकट मिळालेलं आहे. आमच्या नळाला कधी कधी जो रंग येतो, त्यावरून मी मुलांना प्रयोगशाळेशिवाय रसायनशास्त्र शिकवू शकते.

सर डंपरपाशी उभे होते. ताडपत्री नीट बांधून घेतली, दोर ओढून बघितला. मग डावीकडच्या दाराला हात घालून वर चढायला लागले. चढता येईना. मी आणि आबांनी खालून आधार दिला. ड्रायव्हर बिचारा गांगरला. ‘आजोबा, तुम्ही कशाला त्रास घेता? पोचवतो की मी.’

‘तू पोचवशील रे,’ सर म्हणाले. ‘कुठे पोचवशील ते बघायला येतोय.’

रोहन धावत आला. ‘सर, प्लीज, व्हेंडर बघेल ना सगळं!’

‘व्हेंडर तुझ्याकडे बघेल, तू माझ्याकडे बघशील, आणि माती वाघोलीत पडेल,’ सर म्हणाले. ‘मग मी केलं काय? हडपसरची घाण वाघोलीला नेली, एवढंच? त्यासाठी बस पुरे होती.’ आणि त्यांनी दार ओढून घेतलं. वहिनींनी दिलेला डबा मांडीवर होता. मला खिडकीतून म्हणाले, ‘बाई, हिला फोन करा, जेवायला वाट बघू नको म्हणावं. उशीर होईल. ट्रॅफिकमुळे नाही.’

ह्यानंतर काही महिन्यांनी ते आजारी पडले. हॉस्पिटलात मी दोनतीनदा जाऊन आले. तिथेही त्यांनी नर्सला सलाइनच्या रिकाम्या बाटल्यांवरून छळलंच. पण हॉस्पिटलातले सर मला आठवत नाहीत, आणि आठवायचेही नाहीत. मला आठवतो तो डंपरचा दिवस.

मीही स्कूटरवरून घरीच निघाले होते. डंपरच्या मागे, थोडं अंतर राखून, धूळ खात. खराडीला सिग्नलला थांबलो, पुढे निघालो. एवढ्या मोठ्या वाहनात तो एवढासा माणूस, त्याची मागून टोपीसुद्धा दिसत नव्हती. मला एकदम भरून आलं आणि रागही आला. सगळ्या शहराने शिकून सवरून जी गोष्ट दुसऱ्यावर ढकलली, ती पोचती करायला सत्तरी उलटलेला, दम लागणारा माणूस डबा घेऊन निघाला होता. वाघोली आली. चौक मागे पडला. पुढे डावीकडे खाणीचा कच्चा रस्ता फुटतो, तिथे डंपरचा वेग मंदावला आणि त्याचा डावा दिवा लुकलुकायला लागला.

मी स्कूटर थांबवली. आता काय, पळत जाऊन चाकाखाली आडवी पडू?

तेवढ्यात डाव्या खिडकीतून एक हात बाहेर आला. इस्त्री नसलेल्या सदऱ्याचा, काटकुळा. त्याने घाई केली नाही. रस्ता कुठे जातो हे वर्गाला दाखवावं तसा तो हात समोर रोखला गेला, नगरच्या दिशेला, आणि तसाच राहिला. मागून हॉर्न वाजायला लागले, एकाने शिवीही दिली. हात हलला नाही. मग डावा दिवा विझला, डंपरने काळा धूर सोडला आणि खाणीचा रस्ता सोडून तो सरळ पुढे गेला.